खटपटेबाईंचा मेमो

त्यांचं आडनाव खटपटे नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खरं आडनाव त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं आणि पगारपत्रकाला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या ऑफिसात मात्र शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना खटपटेबाई म्हणत. एकदा तर प्रशिक्षणाच्या यादीत वरच्या कार्यालयानंच ‘श्रीमती खटपटे’ असं छापून पाठवलं. बाईंनी त्यापुढे निमूट सही ठोकली. कोण भांडत बसणार?

नाव उगाच पडलं नव्हतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा दाखल्यांच्या खिडकीवरचं पेन रोज कोणीतरी पळवायचं. बाईंचा नवरा शिंपी. त्याच्याकडचं जाड इलॅस्टिक आणून बाईंनी पेन बांधलं. हातातून सुटलं की टुणकन जागेवर. एका गृहस्थांच्या चष्म्यावर जाऊन आदळलं तेवढं सोडा. धाडकन आपटणाऱ्या दाराला त्यांनी चिंध्यांची उशी शिवली. नोंदवह्यांच्या पाठींवर सालागणिक रंगीत कापडाचे तुकडे चिकटवले, म्हणजे हवी ती वही अंधाऱ्या खोलीतही चटकन सापडावी. लोक म्हणायचे, “बाई, तुमचं डोकं काही स्वस्थ बसत नाही.” बाई म्हणायच्या, “बसलं तर उठवायला कोण येणार?”

पण हे सगळं अकरा वर्षांपूर्वीपर्यंतचं. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी पूर्वेकडची खिडकी उघडली आणि होत्याचं नव्हतं झालं.

त्याचं असं झालं. ऑफिसात दाखले द्यायची खिडकी एकच. जन्माचा दाखला तिथेच, मृत्यूचाही तिथेच, आणि रांगही एकच. पुढे एखादा बाप उभा, काल मुलगी झाली म्हणून जमिनीला पाय टेकत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याला बाळाचा फोटो दाखवतोय. त्याच्या मागे एक बाई, चार दिवसांपूर्वी नवरा गेलेला, डोळे सुजलेले. तो बिचारा मागे वळतो आणि तिलाही फोटो दाखवतो. त्याची काय चूक? त्याला कुठे माहीत? खटपटेबाई खिडकीच्या आतून हे रोज बघायच्या.

त्यांच्या टेबलामागे आणखी एक खिडकी होती, पूर्वेकडच्या व्हरांड्यात उघडणारी. व्हरांड्यात एक बाकही पडून होता. एका सोमवारी बाईंनी ती खिडकी उघडली, बाक पुसून तिच्यापाशी लावला, आणि मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेल्यांना तिकडे बसवायला सुरुवात केली. खुर्ची वळवली की ही खिडकी, पुन्हा वळवली की ती. वेळही वाचायचा. सतरा दिवस कसं अगदी सुरळीत चाललं. कारण सतरा दिवस हेडक्लार्क रजेवर होते.

हेडक्लार्क म्हणजे कलमकाका. हे नाव अर्थात पाठीमागचं. तोंडावर सगळे ‘साहेब’च म्हणत. चहात साखर जास्त झाली तरी ती कोणत्या कलमाखाली झाली हे विचारणारा माणूस. उंच, किडकिडीत, शर्टाला कधी सुरकुती नाही, आणि अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. रजेवरून आले, उघडी खिडकी पाहिली. नोंदवही काढून दिवसभर काहीतरी मोजत बसले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर खाकी लिफाफा.

“आपण सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता कार्यालयाची पूर्वेकडील खिडकी उघडली, व सतरा दिवसांत सदर खिडकीतून एकूण दोनशे चौदा मृत्यूचे दाखले वितरित केले. त्यापैकी एकाही नागरिकास रांगेत उभे न करता बाकावर बसविण्यात आले. यामुळे प्रचलित कार्यपद्धतीस बाधा पोहोचली. आपणांविरुद्ध कारवाई का करू नये, याची कारणे तीन दिवसांत सादर करावीत.”

बाईंनी कारणं सादर केली. ती कोणी वाचली की नाही देव जाणे. खिडकीपुढे कोऱ्या अर्जांचं लोखंडी कपाट सरकवलं गेलं, आणि बाईंची त्या वर्षीची बढती गेली. मागून आलेले दोघे बढती घेऊन दुसऱ्या कार्यालयांत निघून गेले. त्या दिवशी बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, “आजपासून ऑफिसात माझं डोकं बंद. हात चालतील, डोकं नाही.” नाव तेवढं उरलं; खटपट थांबली. राहिलेली सगळी खटपट घरावर उलटली. कपडे वाळत घालायची दोरी कप्पीवर चढली, मिशीनच्या पायडलला पंखा जोडला गेला, आणि नवरा म्हणू लागला, “अगं, तुझ्या ऑफिसानं तुला थोडं तरी काहीतरी करू द्यावं. या घरात मला चालता येईना.”

आता अकरा वर्षांनी गोष्ट अशी होती, की कलमकाका दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी हेडक्लार्क कोण, तर ज्येष्ठतेनं खटपटेबाई. ही शेवटची संधी; पुढे चार वर्षांत त्याच निवृत्त व्हायच्या. फक्त यादीत नावापुढे शेरा लिहिणार होते खुद्द कलमकाका. शेरा बिघडला, किंवा आणखी एक मेमो आला, की ती खुर्ची दुसऱ्या मजल्यावरच्या त्या पोराला जाणार, ज्याला शिक्का सरळ कसा मारायचा हे बाईंनीच शिकवलं होतं.

“दोन महिने,” नवरा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, “फक्त दोन महिने तोंडाला टाका घालून बस.”

“अकरा वर्षं बसले, तिथे दोन महिने काय,” बाई म्हणाल्या.

आणि नेमक्या त्याच महिन्यात ऑफिसच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या.

मॅडम तरुण, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. “काम कसं सुधारायचं हे मला वरून कोणी सांगू शकत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. रोज तुम्ही बघता. तर मी दारात एक पेटी ठेवते, कल्पनापेटी. जे सुचेल ते लिहून टाका. महिन्यानं सगळ्यांसमोर उघडू.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारी टाळ्या, पहिल्या दोन जोरात, मग आपल्या आपण विरत गेलेल्या.

पेटी आली. पण नुसती पेटी ठेवून कसं चालेल? पेटीला कुलूप हवं. कुलपाची किल्ली कोणाकडे, याचा आदेश हवा. आदेश निघायला बारा दिवस लागले. आणि नुसत्या चिठ्ठ्या टाकून कसं चालेल? नमुना हवा. तो करायचं काम साहजिकच कलमकाकांकडे गेलं. त्यांनी दोन पानांचा सुबक नमुना तयार केला, मॅडमनी साठ कागदांच्या ढिगात त्यावरही सही केली. रकाना क्रमांक सात असा होता: ‘सदर नवीन कल्पना यापूर्वी या कार्यालयात कधी राबविली गेली आहे काय? असल्यास त्याचा कागद जोडावा. नसल्यास प्रस्ताव विचारात घेतला जाणार नाही.’

आता बोला! नवी कल्पना हवी, पण आधी केलेली हवी. आणि यात कलमकाकांचा काही कावा होता असं नाही हं. त्यांना मनापासून वाटत होतं की आधार नसलेला कागद म्हणजे पाया नसलेली भिंत. पहारेकऱ्यानं उत्साहानं एक अर्ज भरून थेट त्यांच्या हातात दिला, तो ‘रकाना सात रिक्त, सबब परत’ असा लाल शेरा घेऊन संध्याकाळी त्याच्याकडेच परत आला. मग बाकीचे शहाणे झाले.

महिना संपल्यावर मॅडमनी सगळ्यांसमोर पेटी उघडली. आत निघालं चॉकलेटचं एक वेष्टन, बसचं एक तिकीट, आणि एक चिठ्ठी: ‘पेटी दारात ठेवल्याने अडखळायला होते, ती हलवावी.’ लोक खो खो हसले. मॅडमही हसल्या, पण बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला. नवीन शाळेत पहिल्या दिवशी डबा खायला एकटीच बसलेल्या मुलीचा असतो, तसा झाला होता. “पुढच्या महिन्यात बघू,” मॅडम म्हणाल्या, “तेव्हाही काही नाही निघालं, तर पेटी परत भांडारात.”

बाईंना वाईट वाटलं. पण त्यांनी हाताची घडी घातली आणि ओठ घट्ट मिटले. दोन महिन्यांतला एक गेला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात कलमकाकांची आई गेली. एक्क्याण्णव वर्षांची होती, झोपेतच गेली. ऑफिसातले सगळे भेटून आले. पाचव्या दिवशी सकाळी बाईंनी खिडकीची झडप वर केली आणि बघतात तर काय, रांगेत नववा माणूस कलमकाका! हातात अर्ज. शर्टाला पहिल्यांदाच सुरकुती.

बाई ताडकन उठल्या. खिडकीतून ओरडल्या, “साहेब, अहो तिथे काय उभे राहिलात? आत या ना! मी करून देते.”

“रजेवर आहे,” काका तिथूनच म्हणाले. “रजेवरचा कर्मचारी हा नागरिकच. चालू द्या तुमचं.”

बाई आठ लोकांचे अर्ज जमेल तेवढ्या वेगानं हातावेगळे करायला लागल्या. काकांच्या पुढे एक तरणाबांड बाप होता, गालावर दोन दिवसांची दाढी आणि हातात मिठाईचा पुडा. तो सगळ्यांना वाटत सुटला होता. मागे वळला आणि काकांच्या हातात एक तुकडा ठेवलाच. “घ्या काका! मुलगी झाली! तुम्ही कोणासाठी आलात? नातवासाठी?”

कलमकाकांनी हातातला अर्ज उलटा धरला. मग म्हणाले, “अभिनंदन हं.” आणि तो मिठाईचा तुकडा तळहातावर घेऊन तसेच उभे राहिले. खावा तर घशाखाली उतरेना, टाकावा तर त्या पोराला काय वाटेल. दहा मिनिटं ते तसेच उभे होते. सगळ्या ऑफिसला कलमं शिकवणारा माणूस, पण हातातल्या त्या तुकड्याचं काय करावं हे काही त्यांना कळेना.

खिडकीपाशी आले तेव्हा अर्ज निर्दोष होता, सगळे रकाने भरलेले. बाईंनी दाखला करून दिला. काका हळूच म्हणाले, “बाई, हे जरा... कुठे ठेवू?”

बाईंनी हात पुढे करून तो तुकडा घेतला आणि एका कोऱ्या अर्जात गुंडाळून ठेवला. त्यांना रडू आलं. राग पण आला. कोणाचा, ते त्यांनाच कळेना. पाठीमागे ते लोखंडी कपाट होतं, आणि कपाटामागे ती खिडकी, आणि खिडकीबाहेर रिकामा बाक.

घरी आल्यावर बाईंनी पर्समधून कल्पनापेटीचा नमुना काढला आणि जेवणाच्या टेबलावर भरायला बसल्या. नवऱ्यानं वाकून पाहिलं. “अगं ए! टाका उसवला काय? एक महिना राहिलाय!”

“माहीत आहे.”

“शेरा तोच लिहिणार आहे, ज्यानं तो मेमो लिहिला होता.”

“तेही माहीत आहे. पण अहो, आज तो माणूस तिथे उभा होता ना, तेव्हा मला वाटलं, हेडक्लार्क होऊन मी काय करणार? त्या कपाटाला पाठ लावून आणखी चार वर्षं बसणार?”

सहा रकाने भरून झाले. सातव्यापाशी पेन थांबलं. “आलं का कुंपण,” बाई म्हणाल्या. “पूर्वी केल्याचा कागद आणू कुठून?”

नवरा उठला. मिशीनखालचा गुंड्यांचा डबा काढला, सगळ्या गुंड्या वर्तमानपत्रावर ओतल्या, आणि डब्याच्या तळाशी घडी करून ठेवलेला एक कागद काढून बायकोपुढे ठेवला. अकरा वर्षांपूर्वीचा मेमो. “हा घे. जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. याच्याहून पक्का कागद असतो का?”

बाईंनी तो पुन्हा वाचला. सतरा दिवस. दोनशे चौदा दाखले. एकाही नागरिकास रांगेत उभे न करता. अगं बाई! अकरा वर्षं जो कागद आठवला की मान खाली जायची, त्यात त्यांच्या कामाचा चोख हिशोब मांडून ठेवला होता, तोही त्यांच्या वैऱ्यानं नाही, ऑफिसातल्या सगळ्यात काटेकोर माणसानं. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारीण डोकावून गेली. मग त्यांनी रकाना सातमध्ये लिहिलं: ‘होय. याच कार्यालयात. कागद जोडला आहे.’

महिनाअखेरीला पेटी उघडली तेव्हा आत एकच अर्ज होता. मॅडमनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, मग जोडलेला मेमो वाचला. ‘दोनशे चौदा’ म्हणताना त्यांचा आवाज चढला. कोणीतरी मागे फिसकन हसलं. मग सगळ्यांचे डोळे कलमकाकांकडे वळले.

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, “यावर तुमचं काय म्हणणं?”

काकांनी मेमो हातात घेतला. आपलंच अक्षर बराच वेळ बघत राहिले. “कागद तपासावा लागेल,” एवढंच म्हणून ते खोलीबाहेर गेले.

दोन दिवस ते जुन्या फायली काढून बसले. बाईंना घास गोड लागेना. बढतीची यादी त्याच आठवड्यात वर जायची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी शिपायानं त्यांच्या टेबलावर खाकी लिफाफा आणून ठेवला. तसाच लिफाफा. वर तेच छापल्यासारखं अक्षर. झालं, बाई मनात म्हणाल्या, गेली खुर्ची. नवऱ्याला काय तोंड दाखवू? लिफाफा फोडायला हात होईना, शेवटी शेजारच्या टंकलेखिकेनं फोडला आणि वाचला.

“आदेश. रकाना सातमधील कागद मूळ प्रतीशी ताडून पाहिला, बरोबर आहे. पूर्वेकडील खिडकी उद्या सकाळपासून मृत्यूच्या दाखल्यांसाठी उघडावी. नागरिकांस बाकावर बसवावे. सदर खिडकी कामाच्या वेळेत बंद आढळल्यास, ती बंद का ठेवली याची कारणे तीन दिवसांत सादर करावीत.”

ऑफिसात असा काही गलका झाला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले. मग कपाट हलवायचं ठरलं. आता भांडाराचा कपाट हलवण्याचा आदेश कुठे आहे, असं शिपाई विचारणार, तेवढ्यात कलमकाका स्वतः आले, बाह्या दुमडल्या आणि कपाटाच्या एका कोपऱ्याला हात घातला. “बघता काय? धरा!” अकरा वर्षांची धूळ खाली पडली. खिडकी करकरली, अडली, आणि उघडली. बाईंनी बाकावरून फडकं फिरवलं. मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून एकट्याच टाळ्या वाजवत होत्या, आणि या टाळ्या विरल्या नाहीत.

बढतीच्या यादीत बाईंच्या नावापुढे काकांनी दोन ओळींचा शेरा लिहिला होता. ‘अतिशय खटपटी. या पदास हाच गुण लागतो.’

कलमकाका निवृत्त झाले. हेडक्लार्कच्या खुर्चीत खटपटेबाई बसल्या, आणि त्या महिन्याची पेटी उघडायला त्यांचेच हात होते. कुलूप काढलं तर झाकण उघडेना. पेटी गच्च भरली होती. बारा अर्ज, आणि प्रत्येकाला मागे टाचलेला एक जुना मेमो. पहारेकऱ्याचा, दारात म्हाताऱ्यांसाठी विनापरवाना खुर्ची ठेवल्याचा. चालकाचा, दुर्गम भागातले दाखले टपालाऐवजी स्वतः नेऊन दिल्याचा. टंकलेखिकेचा, किचकट अर्ज परस्पर सोपा करून टंकल्याचा. लोकांनी काय काय जपून ठेवलं होतं! कोणी ट्रंकेत, कोणी देवाच्या फोटोमागे. मॅडम एकेक वाचत होत्या आणि “हे करायचं, हेही करायचं” म्हणत होत्या. सगळं ऑफिस हसत होतं, आपापले मेमो एकमेकांना दाखवत होतं.

तळाशी बारावा अर्ज होता. तेच छापल्यासारखं अक्षर बघताच बाई थबकल्या. मागे जोडलेला कागद पिवळा पडलेला, पस्तीस वर्षांपूर्वीचा, घडीवर फाटत आलेला. ‘आपण मधल्या सुट्टीत, आपले काम नसताना, लिहिता-वाचता न येणाऱ्या नागरिकांचे अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात भरून दिले. हे शिस्तीस धरून नाही.’

कोणी हसलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी हा माणूस मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन बसायचा. एका कागदानं तो आत येऊन बसला, आणि मग जन्मभर इतरांना तसलेच कागद लिहीत राहिला. बाईंना त्याचा इतका कळवळा आला की डोळे भरून आले.

अर्जाच्या शेवटच्या रकान्यात प्रश्न होता: ‘ही कल्पना कोण राबविणार?’ त्यापुढे लिहिलं होतं: ‘मी स्वतः. सध्या वेळ आहे.’

बाईंनी त्याच क्षणी फोन लावला. “साहेब, तुमचा अर्ज पाहिला.”

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. “रकाने बरोबर आहेत ना?”

“एकदम बरोबर. उद्या या. पूर्वेच्या बाकावर जागा करून ठेवते. आणि पेन आणू नका, इथे बांधलेलं आहे.”